पोलर एच१० छातीपट्टा: एक्सरसाइज फिजिऑलॉजीच्या विद्यार्थ्याने घ्यावा का?

एक्सरसाइज फिजिऑलॉजी, म्हणजे व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, शिकणाऱ्याने स्वतःच्या पैशांतून हृदयगती मोजणारं एकच उपकरण घ्यायचं ठरवलं, तर घड्याळ घेऊ नये, छातीपट्टा घ्यावा. आणि छातीपट्ट्यांत आमची पसंती पोलर एच१०ला आहे. रोज सकाळी पाच किलोमीटर पळणाऱ्या माणसाला यातल्या निम्म्या गोष्टी लागणार नाहीत. हे परीक्षण त्याच्यासाठी नाही. बीपीएड, एमपीएड, फिजिओथेरपी किंवा क्रीडा विज्ञानाचा अभ्यासक्रम करणाऱ्या आणि पुढे एखाद्या संघाबरोबर, अकादमीत किंवा क्रीडा केंद्रात काम करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी ते लिहिलं आहे.

मनगटी घड्याळ त्वचेखालच्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून ठोक्यांचा अंदाज बांधतं, त्यावर स्वतःचं गणित करतं आणि ‘तुमचा व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) ४७’ असं तयार उत्तर देतं. ते ४७ कुठून आले, हे कळत नाही, आणि व्हायवाला परीक्षक नेमकं तेच विचारतात. छातीपट्टा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो आणि लागोपाठच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत देतो. पुढचं गणित तुम्ही करायचं. बहुतेक महाविद्यालयांत श्वासातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र एखादंच असतं किंवा नसतंच. असलं तरी ते शिक्षक चालवतात आणि वीस-पंचवीस विद्यार्थी भोवती उभे राहून बघतात. पट्ट्याचं तसं नाही. तो ज्याचा त्याने हाताळायचा असतो, चुका करत शिकायचा असतो.

पोलर ही फिनलंडमधली कंपनी, स्थापना १९७७ची. अंगावर घालता येणारा पहिला बिनतारी हृदयगती मापक तिने १९८२ मध्ये विक्रीला आणला. एच१० हे मॉडेल २०१६चं. इतकी वर्षं जुनं मॉडेल घ्यावं का, अशी शंका येणं साहजिक आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने जुनं असणं हा इथे फायदाच आहे. जगभरच्या संशोधनांत हाच पट्टा वापरलेला असल्यामुळे तुमच्या प्रकल्पाच्या अहवालात उपकरणाबद्दल लिहायला आधार सापडतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात हा पट्टा रुग्णालयात वापरतात त्या, अंगावर बांधून सलग ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टर यंत्राशेजारी ठेवून तपासला गेला. अंगाची खूप हालचाल होणाऱ्या तीव्र व्यायामात ठोक्यांमधलं अंतर मोजायला पट्टाच संदर्भ म्हणून वापरावा, असं त्या संशोधकांनी सुचवलं.

पेटीत दोनच वस्तू असतात: कापडी पट्टा आणि त्याला दोन टिचबटणांनी बसणारं प्लॅस्टिकचं यंत्र, म्हणजे कनेक्टर. पट्ट्याच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रोड (त्वचेवरून विद्युत संकेत घेणारे भाग) आणि घसरू नये म्हणून सिलिकॉनचे ठिपके आहेत. कनेक्टर ब्लूटूथ, एएनटी प्लस आणि ५ किलोहर्ट्झ अशा तीन बिनतारी मार्गांनी माहिती पाठवतो. सेटिंग बदलून एकाच वेळी दोन ब्लूटूथ उपकरणं जोडता येतात. प्रॅक्टिकलला याचा मोठा उपयोग होतो, कारण एक फोन खेळाडूच्या समोर ठेवता येतो आणि दुसरा नोंद घेणाऱ्याच्या हातात राहतो. कनेक्टरच्या आत एका सत्राची नोंद साठवण्याइतकी मेमरीही आहे. फक्त एका सत्राची, हे लक्षात ठेवा. पहिलं सत्र फोनवर उतरवून घेतल्याशिवाय दुसरं सुरू करता येत नाही, आणि पाठोपाठ चार खेळाडूंची चाचणी असेल तेव्हा हीच गोष्ट हमखास विसरली जाते.

लावण्याची पद्धत सोपी वाटते, पण निम्मी खराब नोंद इथेच तयार होते. इलेक्ट्रोडचा भाग नळाखाली धरून नीट ओला करायचा. नुसता ओलसर हात फिरवून भागत नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खालच्या कडेला, उरोस्थीच्या टोकाच्या आसपास येईल असा बांधायचा. कनेक्टर मधोमध, अक्षरं सुलटी. खोल श्वास घेताना टोचू नये आणि दोन उड्या मारल्यावर खाली सरकू नये, इतपत ताण ठेवायचा. मुलींनी स्पोर्ट्‌स ब्राच्या खालच्या पट्टीच्या आत किंवा लगेच खाली बांधला तर तो जागचा हलत नाही. तो तिचा तिने आडोशाला जाऊन बांधायचा, आणि त्यासाठी वेळ व जागा देणं हा चाचणीच्या तयारीचाच भाग समजायला हवा.

पहिल्या तीन-चार मिनिटांत आकडा मध्येच २१०वर उडी मारून पुन्हा ९५वर आला, तर घाबरून खेळाडूला खाली बसवू नका. घाम येण्याआधी त्वचा कोरडी असते आणि पॉलिस्टरचा सैल टी-शर्ट पट्ट्यावर घासून स्थिर विद्युत तयार होते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत हा त्रास जास्त, कोकणातल्या दमट हवेत कमी. टी-शर्ट आत खोचा किंवा सुती बनियन घाला आणि इलेक्ट्रोड पुन्हा ओले करा. ईसीजीची जेल किंचित लावली तरी चालते, मात्र नंतर पट्टा धुवावाच लागतो. हे सगळं करूनही आकडा भलताच राहिला, किंवा खेळाडूला छातीत धडधड, चक्कर असं काही जाणवलं, तर चाचणी थांबवून त्याला डॉक्टरकडे पाठवायचं. पट्ट्यावरून निदान करायचा प्रयत्न करायचा नाही.

स्टेप टेस्टमधली चूक

आता खरी कसोटी. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्ट प्रॅक्टिकलच्या जवळपास प्रत्येक जर्नलमध्ये असते. ४१.३ सेंटिमीटर उंचीची पायरी, तीन मिनिटं चढउतार. मुलांसाठी मिनिटाला २४ फेऱ्या, मुलींसाठी २२. एका फेरीत चार पावलं, म्हणून मेट्रोनोम (ठेका देणारं साधन) मुलांसाठी ९६ आणि मुलींसाठी ८८ ठोक्यांवर लावायचा. चाचणी संपली की उभ्यानेच, पाचव्या सेकंदापासून विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजायची आणि चाराने गुणायचं. मुलांसाठी सूत्र: व्हीओटू मॅक्स = १११.३३ − (०.४२ × ठोके). मुलींसाठी: ६५.८१ − (०.१८४७ × ठोके). उत्तर मिलिलिटर प्रति किलो प्रति मिनिट या एककात. मुलांचं सूत्र तरुण भारतीय पुरुषांना चालतं का, हे कोलकात्याच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये तपासलं होतं आणि ते वापरण्याजोगं ठरलं. मुलींसाठी मात्र त्याच अभ्यासकांनी वेगळं समीकरण सुचवलं. अहवालात हे नमूद केलंत तर परीक्षक खूश होतात.

पट्टा हाती आला की विद्यार्थी इथे एक ठरलेली चूक करतात. चाचणी संपताना फोनवर जो आकडा दिसतो तोच सूत्रात घालतात. समजा एका मुलाचा शेवटच्या क्षणाचा आकडा १५६ आहे आणि पाच ते वीस सेकंदांत मोजलेले १५ सेकंदांचे ठोके ३७, म्हणजे मिनिटाला १४८. १४८ घातले तर उत्तर येतं ४९.२, आणि १५६ घातले तर ४५.८. मुलगा तोच, पायरी तीच, पण फरक जवळपास साडेतीन एककांचा. सूत्र ज्या पद्धतीने तयार झालं त्याच पद्धतीने ठोके मोजायला हवेत, मग हातातलं उपकरण कितीही अचूक असो. दुसरी अडचण अशी की फोनवर दिसणारा आकडा बहुधा मागच्या काही सेकंदांची सरासरी असतो, त्यामुळे तो खऱ्या घसरणीच्या थोडा मागे असतो. बरोबर रीत म्हणजे ठोक्यांमधल्या अंतरांची यादी उघडायची, चाचणी थांबल्याच्या क्षणापासून पाच सेकंद सोडायचे आणि पुढच्या पंधरा सेकंदांत किती ठोके पडले ते मोजायचे. थांबल्याचा क्षण नेमका कळावा म्हणून नोंद घेणाऱ्याने त्याच क्षणी अ‍ॅपमध्ये खूण करावी. बोटाने मनगटावर मोजलेल्या नाडीशी हा आकडा ताडून बघितला तर दोन्ही कौशल्यं एकदमच तपासली जातात. उपकरण आहे म्हणून बोटाने नाडी मोजणं सोडू नका. मैदानावर बॅटरी संपली की शेवटी तेच कामाला येतं.

कमाल हृदयगतीच्या बाबतीतही पट्टा एक भ्रम दूर करतो. २१ वर्षांच्या खेळाडूसाठी ‘२२० वजा वय’ १९९ देतं. २००१ मध्ये मांडलेलं ‘२०८ वजा ०.७ गुणिले वय’ हे सूत्र १९३ देतं. पण दोन्ही सरासऱ्या आहेत, आणि एखाद्या व्यक्तीची खरी कमाल गती यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी वरखाली सहज असू शकते. दमेपर्यंतची चाचणी करून पट्ट्यावर मिळालेला १९६ हा आकडा सूत्रापेक्षा जास्त विश्वासाचा. विश्रांतीची गती ५८ धरून कार्व्होनेन पद्धतीने ७० टक्के तीव्रता काढली तर (१९६ − ५८) × ०.७ + ५८ म्हणजे साधारण १५५ येते. विश्रांतीची गती सकाळी उठल्याबरोबर, पडून, पाच मिनिटांची नोंद घेऊन ठरवायची. वर्गात खुर्चीवर बसून मोजलेली गती बहुतेक वेळा दहा ठोक्यांनी जास्त निघते आणि मग वरचं सगळं गणित सरकतं.

ठोक्यांमधलं अंतर, आणि एका चुकलेल्या ठोक्याची किंमत

एच१० घेण्याचं सगळ्यांत मोठं कारण हे. नोकरीच्या मुलाखतीत एचआरव्ही (ठोक्यांमधल्या अंतरात होणारा चढउतार) हा शब्द सगळे वापरतात. पण नोंद स्वच्छ आहे की नाही हे ओळखणारे थोडे असतात. आरएमएसएसडी हे त्यातलं सर्वांत जास्त वापरलं जाणारं माप. लागोपाठच्या अंतरांमधले फरक घ्यायचे, त्यांचे वर्ग करायचे, सरासरी काढायची आणि वर्गमूळ घ्यायचं. अंतरं ८२०, ८५०, ८१०, ८४० अशी असतील तर फरक ३०, ४०, ३०. वर्गांची बेरीज ३४००, सरासरी सुमारे ११३३, वर्गमूळ साधारण ३४ मिलिसेकंद.

आता पट्टा किंचित सरकला आणि मधला एक ठोका पकडलाच गेला नाही, असं समजा. ८५० आणि ८१० यांची बेरीज होऊन एकच अंतर दिसेल, १६६०. यादी होईल ८२०, १६६०, ८४०, आणि फरक होतील ८४० व ८२०. पाच मिनिटांच्या नोंदीत, म्हणजे सुमारे ३६० ठोक्यांत, एवढी एकच चूक शिल्लक राहिली तरी ३४चे ७० होतात. आकडा वाढलेला बघून खेळाडूचं शरीर छान सावरलं आहे असा निष्कर्ष निघतो, प्रशिक्षक सरावाचा भार वाढवतो, आणि प्रत्यक्षात घडलेलं असतं एवढंच की पट्टा कोरडा होता. म्हणून प्रत्येक नोंद आधी आलेखावर डोळ्यांनी बघायची. दुप्पट उंच एकटा खांब म्हणजे निसटलेला ठोका. आधी आखूड आणि लगेच लांब अशी जोडी दिसली तर तो अतिरिक्त ठोका असू शकतो. अ‍ॅपमधली ‘आपोआप दुरुस्ती’ चालू असेल तर किती ठोके दुरुस्त झाले तेही अहवालात लिहावं. दुरुस्ती खूप करावी लागली असेल तर ती नोंद सरळ टाकून देऊन पुन्हा घ्यावी.

एक तांत्रिक खाच बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ब्लूटूथच्या प्रमाण पद्धतीत ठोक्यांमधलं अंतर सेकंदाच्या १०२४व्या भागात पाठवलं जातं, मिलिसेकंदात नाही. काही अ‍ॅप रूपांतर करून देतात, काही तसाच आकडा फाइलमध्ये टाकतात. फाइलमध्ये ८५० दिसत असेल आणि रूपांतर झालेलं नसेल तर खरं अंतर ८३० मिलिसेकंद आहे. तपासायला सोपं आहे. पाच मिनिटांच्या नोंदीतल्या सगळ्या अंतरांची बेरीज करा. ती तीन लाखांच्या जवळ आली तर मिलिसेकंद, तीन लाख सात हजारांच्या आसपास आली तर रूपांतर बाकी आहे.

एच१० हृदयाचा विद्युत आलेखही देतो, सेकंदाला १३० नमुने या वेगाने, पण त्यासाठी तो वाचू शकणारं वेगळं अ‍ॅप लागतं. पुस्तकात छापलेली ईसीजीची आकृती आणि धावणाऱ्या वर्गमित्राच्या छातीतून येणारी जिवंत रेघ यांत शिकण्याच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. क्यूआरएस (हृदय आकुंचन पावताना उमटणारं टोक) कुठे, टी लहर (त्यानंतरचा उंचवटा) कुठे, गती वाढली की नेमकं काय आखूड होतं, हे वर्गाला पाच मिनिटांत दिसतं. मात्र त्या आलेखावरून ठोक्यांची अंतरं स्वतः मोजायला जाऊ नका. १३० नमुने म्हणजे दोन बिंदूंमध्ये जवळपास ८ मिलिसेकंदांचं अंतर, आणि तेवढा खडबडीतपणा एचआरव्हीला चालत नाही. अंतरं कनेक्टर स्वतः देतो तीच घ्या. ही एका लीडची, म्हणजे एकाच दिशेने बघितलेली रेघ आहे, त्यामुळे हृदयविकाराबद्दल तिच्यावरून काहीही बोलायचं नाही.

प्रॅक्टिकलसाठी उत्तम प्रयोग म्हणजे उभं राहण्याची चाचणी. विद्यार्थी पाच मिनिटं शांत पडून राहतो, मग चटकन उभा राहतो. उभं राहिल्यानंतरच्या पंधराव्या ठोक्याच्या आसपासचं सर्वांत लहान अंतर आणि तिसाव्याच्या आसपासचं सर्वांत मोठं अंतर घ्यायचं आणि मोठ्याला लहानाने भागायचं. ७८० भागिले ५६० म्हणजे १.३९. रक्त पायांकडे उतरणं, दाब घसरणं, गती उसळणं आणि मग हृदयाची गती कमी करणाऱ्या परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक) चेतासंस्थेने लगाम खेचणं, हे सगळं अर्ध्या मिनिटात आकड्यांत उतरतं. मनगटी घड्याळावर हा प्रयोग जमतच नाही, कारण त्याचा आकडा सरासरीत बुडालेला असतो. पडून असतानाच मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावले तर श्वासाबरोबर अंतरं कमीजास्त होताना दिसतात. स्वायत्त चेतासंस्था शिकवायला याहून स्वस्त साधन आमच्या माहितीत नाही.

मैदानावर कुठे चालतो, कुठे अडतो

लांब पल्ल्याचं धावणं, सायकल, रोइंग यांत पट्टा निर्धास्त वापरावा. स्थिर वेगाच्या ४५ मिनिटांच्या धावण्यात ५ ते १५ मिनिटांची सरासरी १४२ आणि ३५ ते ४५ मिनिटांची १५४ आली, तर गती साडेआठ टक्क्यांनी वर सरकली. वेग तोच असताना ठोके का वाढले? घामाने रक्ताचं प्रमाण घटतं, त्वचेकडे रक्त वळतं, प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी होतं, आणि भरपाई म्हणून हृदय वेगाने चालतं. हाच प्रयोग डिसेंबरातल्या सकाळी आणि मे महिन्यातल्या सकाळी करून दोन आलेख शेजारी ठेवले की उष्णता आणि पाणी या विषयावरचा सुंदर प्रकल्प तयार होतो. आधी आणि नंतर वजन घ्यायला विसरू नका. घटलेलं वजन अधिक प्यायलेलं पाणी म्हणजे गेलेला घाम.

यो-यो चाचणीतही, म्हणजे बीपच्या तालावर वाढत्या वेगाने मागेपुढे पळण्याच्या चाचणीतही, पट्टा शोभतो. भारतीय क्रिकेट संघासाठी १६.१ ही पातळी गाजली. ती म्हणजे ११२० मीटर. अंतराला ०.००८४ने गुणून ३६.४ मिळवले की व्हीओटू मॅक्सचा अंदाज ४५.८ येतो. १७.१ला १४४० मीटर होतात आणि अंदाज ४८.५. पण दोन खेळाडू एकाच पातळीवर थांबले तरी एकाचे ठोके १९८वर आणि दुसऱ्याचे १७९वर असू शकतात. दुसऱ्याची खरी कमाल गती ठाऊक नसेल तर तो शरीराने थांबला की मनाने, हे सांगता येत नाही. पट्ट्याची नोंद प्रशिक्षकाला हा प्रश्न विचारायला लावते, आणि चाचणीत नुसत्या पातळीपलीकडचं काही कळायला लागतं ते इथून.

कबड्डी आणि कुस्तीत मात्र अडचण आहे. पकडीत, झटापटीत कनेक्टर बरगडीवर रुतू शकतो. प्रत्यक्ष लढतीत तो घालू नये. शिवाय चढाई ३० सेकंदांची. हृदयगती कष्टाच्या मागून वर चढते, त्यामुळे चढाई संपून खेळाडू परत आला तरी ठोके वाढतच असतात. तेवढ्या लहान खटपटीची तीव्रता हृदयगतीवरून मोजणं चुकीचंच आहे, हा दोष पट्ट्याचा नाही. खो-खोतल्या सलग पळतीसाठी तो जास्त अर्थपूर्ण आहे, फक्त सूर मारताना छातीवर आपटण्याची भीती राहते. तालमीतल्या बैठकांना पट्टा छान चालतो. जोर मारताना छाती जमिनीजवळ येऊन कमान होते तेव्हा तो हमखास सरकतो, म्हणून दर फेरीनंतर जागेवर आणायचा. वजन उचलताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब खूप चढतो, पण ठोके त्या प्रमाणात वाढत नाहीत. तिथे कमी ठोके म्हणजे कमी ताण, असं समजणं धोक्याचं आहे.

पोहण्यासाठी: पट्टा ३० मीटरपर्यंत पाण्यात टिकतो, पण ब्लूटूथ पाण्यातून जात नाही. आतल्या मेमरीत नोंद घेऊन बाहेर आल्यावर उतरवायची. भिंतीला लाथ मारून निघताना उघड्या अंगावरचा पट्टा कमरेकडे घसरतो. मुलींच्या पोहण्याच्या पोशाखाखाली तो चांगला राहतो.

देखभालीबद्दल बोलायचं तर पट्टे खराब होतात ते घामातल्या मिठाने. दर वापरानंतर कनेक्टर काढून पट्टा वाहत्या पाण्याखाली धुवायचा, पाच-सहा वापरांनंतर जाळीच्या पिशवीत घालून ४० अंशांवर मशीनमध्ये. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं द्रव्य नको, इस्त्री नको. द्रव्याचा थर इलेक्ट्रोडवर बसला की संकेत कमजोर होतो. पट्ट्याला जोडलेलाच कनेक्टर ओल्या बॅगेत तसाच टाकला तर दोन नुकसानं होतात: टिचबटणं गंजतात, आणि ओल्या पट्ट्यामुळे छाती लागली आहे असं समजून कनेक्टर चालूच राहतो. मग कंपनी सांगते ते बॅटरीचे ४०० तास कुठे गेले, ते कळत नाही. बॅटरी सीआर २०२५ लागते. दुकानदार हमखास सीआर २०३२ पुढे करतो, कारण तीच जास्त खपते. दोन्हींचा व्यास २० मिलिमीटर, पण २०३२ ही ३.२ मिलिमीटर जाड आणि २०२५ अडीच मिलिमीटर. जाड बॅटरी दाबून बसवली तर झाकण नीट बसत नाही आणि पाणी आत जातं. झाकणाखालचं रबरी कडं जागेवर आहे ना, तेही बघा.

महाविद्यालयाने घ्यायचे असतील तर विद्यार्थ्यांइतके कनेक्टर घेण्याची गरज नाही. पट्टा वेगळा विकत मिळतो. सहा जणांच्या गटाला एक कनेक्टर आणि दोन मापांचे मिळून तीन-चार पट्टे, ही मांडणी चांगली चालते. एकाचा घामाचा पट्टा दुसऱ्याच्या अंगावर चढवणं आरोग्याच्या दृष्टीने वाईट आणि नोंदीच्या दृष्टीनेही. प्रत्येक पट्ट्याला शिलाईवर रंगीत दोऱ्याची खूण करावी.

नोकरीच्या बाजूने

नुसता पट्टा विकत घेऊन नोकरी लागत नाही, हे उघड आहे. पण या क्षेत्रात मुलाखत घेणारे तीन गोष्टी चाचपतात: चाचणी नियमाने घेता येते का, खराब नोंद ओळखता येते का, आणि प्रशिक्षकाला दोन वाक्यांत सांगता येतं का. भारतीय क्रीडा प्राधिकरण हाय परफॉर्मन्स अ‍ॅनालिस्टच्या जागा भरतं तेव्हा फिजिऑलॉजी, बायोमेकॅनिक्स, स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग अशा वेगवेगळ्या शाखा असतात. पुण्याचं आर्मी स्पोर्ट्‌स इन्स्टिट्यूट, पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, व्यावसायिक लीगमधले संघ आणि खासगी अकादम्या यांचं कामही याच कौशल्यांवर चालतं. स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगकडे वळायचं असेल तर सीएससीएस या व्यावसायिक परीक्षेला पदवी आणि सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यास करायच्या तातडीच्या उपचारांचं) प्रमाणपत्र लागतं, आणि तिच्या शास्त्रीय भागात फिजिऑलॉजीवर प्रश्न असतातच. पाठांतराने तो भाग सुटतो असं वाटतं, पण आलेख बघितलेल्याला तो सोपा जातो.

म्हणून पट्टा हाती आल्यावर एक वही करा. आठ-दहा खेळाडू, त्यांची लेखी संमती, व्यायामाआधीची आरोग्यविषयक प्रश्नावली, स्टेप टेस्ट, यो-यो, उभं राहण्याची चाचणी आणि सहा आठवड्यांनी तेच सगळं पुन्हा. वेळ, तापमान, आधीच्या रात्रीची झोप, चहा-कॉफी यांची नोंद प्रत्येक वेळी. टाकून दिलेल्या नोंदीही कारणासकट वहीत ठेवा. मुलाखतीत ही पानं उघडली की बोलणं पदवीवरून कामावर येतं. नावं मात्र काढून क्रमांक घाला. खेळाडूची हृदयगती ही त्याची खासगी माहिती आहे, आणि ती दुसऱ्या संघाच्या मुलाखतीत नावासकट दाखवणारा उमेदवार तिथेच बाद व्हायला हवा.

याच कंपनीचा एच९ हा स्वस्त भाऊ आहे. त्यात आतली मेमरी नाही आणि सोबतचा पट्टा साधा आहे. फोन कायम जवळ राहणार असेल, पोहण्याच्या नोंदी नको असतील आणि काम स्टेप टेस्ट व धावण्यापुरतं असेल तर तोही पुरतो. बिननावाचा स्वस्त पट्टा घेणार असाल तर घेण्याआधी एकच गोष्ट विचारा: तो ठोक्यांमधलं अंतर पाठवतो की फक्त मिनिटाचे ठोके? फक्त ठोके पाठवत असेल तर वरची निम्मी प्रॅक्टिकल्स त्याच्यावर होणार नाहीत. एच१० घेताना टेलरच्या टेपने छातीच्या स्नायूंखालचा घेर मोजून मगच पट्ट्याचं माप निवडा. टी-शर्टच्या मापावरून मागवलेला पट्टा बारीक अंगाच्या मुलींना बहुतेक वेळा सैल होतो, आणि सैल पट्ट्यावर घेतलेली नोंद कितीही दुरुस्त केली तरी कामाची राहत नाही.